स्टेफ्काच्या गुडघ्यातला बंध

मित्रांनो, स्टेफ्काच्या डाव्या गुडघ्यातला मी एक जुना अस्थिबंध. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांपासून पळून जाऊ नयेत म्हणून आतल्या अंगाला बसवलेला पट्टा. स्टेफ्का त्रेसष्ट वर्षांची आहे, मीही तेवढाच. ती पन्नाशीची दिसते, कारण केस रंगवते. मला कोण रंगवणार?

आमचं घराणं मोठं आहे. शाळेत तुम्ही त्याला संयोजी ऊती म्हणता. आम्हाला ओळखायची सोपी खूण म्हणजे, आमच्यात पेशी थोड्या आणि मधलं रान फार. इथं कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात नाही का, एक शेतघर या टोकाला, दुसरं पार क्षितिजाशी आणि मध्ये नुसती जमीन? अगदी तसं. फक्त आमच्या रानात गव्हाऐवजी कोलॅजनचे तंतू असतात, आणि ते विणतात तंतुपेशी. माझे तंतू एकाच दिशेनं, दोरखंडासारखे घट्ट बसलेत. माझी चुलतबहीण कंडरा, तीही अशीच, पण ती स्नायूला हाडाशी बांधते. मी हाडाला हाडाशी.

बाकीचे नातेवाईकही ऐकून घ्या. कातडीखालची सैल ऊती भारी अघळपघळ, तिच्याकडे कुणीही येऊन बसतं. मेद ऊती साठेबाज. स्टेफ्काकडे तिची कोठारं भरपूर आहेत, आणि हिवाळ्यात तिचे आभारही मानावे लागतात, कारण ऊब तीच राखते. हाडांच्या टोकांवर बसणाऱ्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, जेवण पाझरून येईल तेव्हा खायचं. हाड आमचंच, पण अंगात कॅल्शियम भरल्यापासून कुणाशी वाकून बोलत नाही. आणि रक्तसुद्धा आमचंच! त्याचं रान पातळ आहे, म्हणून ते गावभर हिंडतं.

माझा जन्म गेला कर्लिंगमध्ये. बर्फावरून ग्रॅनाइटचा जड धोंडा सोडायचा, तो लांबच्या वर्तुळांत थांबवायचा, आणि तो सरकत असताना त्याच्यापुढचा बर्फ ब्रशनं घासत पळायचं, म्हणजे तो लांब जातो. तरुणपणी धोंडा सोडताना स्टेफ्का जवळजवळ बसूनच बर्फावरून घसरत जायची. लोक म्हणायचे, "काय गुडघे आहेत बाईचे!" कौतुक सगळं वाटीचं व्हायचं. ताण मी सोसायचो. खेळाआधी बाकीचे पाय ताणत बसायचे, तेव्हा स्टेफ्का स्वयंपाकघरात पिरोगीवर तळलेला कांदा घालून घेत असायची. ते पीठ-बटाट्याचे मोदक तिला फार प्रिय. मला त्यांचा काही उपयोग नव्हता.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती ओसरीच्या बर्फाळ पायरीवरून घसरली. हातात बीटच्या सूपचं पातेलं. पातेलं वाचलं, मी थोडा फाटलो. मग आमच्याकडे धावपळ झाली. पहाऱ्यावरच्या मास्ट पेशींनी बोंब ठोकली, गुडघा भोपळ्याएवढा सुजला. भक्षक पेशींनी मोडतोड गिळून जागा साफ केली. तंतुपेशी नवे धागे टाकायला बसल्या. माझ्याकडे रक्त कमी येतं, त्यामुळे काम संथ चालतं. हळूहळू, जपून हालचाल झाली असती तर धागे सरळ बसले असते. पण स्टेफ्काला स्पर्धा गाठायची होती. तिनं गुडघा दामटला, मी वेडावाकडा विणला गेलो आणि दुखत राहिलो.

तिची धाकटी बहीण रोमा तिची जोडीदार. तेव्हाच तिनं बजावलं होतं, "ताई, पुन्हा गुडघा निसटला ना, तर मी दुसरी जोडीदार शोधणार."

"मी म्हातारी झाले म्हणून?"

"तू जड झालीस म्हणून. बर्फावरनं तुला उचलायचं मलाच असतं!"

त्या दिवसापासून स्टेफ्का माझं दुखणं लपवायला लागली. जिना उतरताना आडवी चालायची आणि म्हणायची, पायऱ्या निसरड्या केल्यात कुणीतरी. यंदाच्या गावच्या स्पर्धेत तर तिनं विजारीच्या आत गोठवलेल्या मटारची पिशवी बांधली होती. सकाळच्या डावात पिशवी फुटली.

"ताई," रोमा बर्फाकडे बघत म्हणाली, "तुझ्या विजारीतून वाटाणा पडला."

"दुपारचा डबा आहे."

"विजारीत?"

"खिशाला भोक आहे. तू धोंड्याकडे बघ."

मित्रांनो, मला तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मटारच्या गारव्यानं मी बधिर झालो होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही खेळायचं होतं.

अंतिम डाव दोघा-दोघांचा होता. समोर आर्विड आणि त्याची बायको. शेवटचा धोंडा रोमाचा. तो मधल्या वर्तुळात थांबला की जिंकल्या, आणि या बहिणी ही स्पर्धा आजवर एकदाही जिंकल्या नव्हत्या. रोमानं धोंडा सोडला. "घास, ताई, घास! जीव काढ!" ती मागून ओरडत होती. स्टेफ्का घासत पळत होती. वर्तुळं जवळ आली, तिनं पाय बाहेर टाकला, आणि माझे ते वेडेवाकडे धागे ताणले गेले, एक-दोन तुटले. मी निसटलो.

गुडघा आत वळला. स्टेफ्काच्या बुटाचं टोक धोंड्याला लागलं. अगदी हलकं. धोंडा किंचित वळला आणि बरोब्बर मध्यावर जाऊन थांबला.

कुणी पाहिलं नाही. आर्विड चष्म्यावरची वाफ पुसत होता. त्याची बायको वरच्या मजल्यावर पिरोगीच्या रांगेत होती, कारण त्या संपत आल्या होत्या. रोमा लांब मागच्या टोकाला गुडघ्यावर बसून दोन्ही हात वर करून किंचाळत होती.

या खेळात पंच मध्ये पडत नाही. चालत्या धोंड्याला ज्याचा स्पर्श झाला, त्यानंच सांगायचं. आजोबा-पणजोबांपासूनची रीत. स्टेफ्का त्या धोंड्याजवळ उभी होती. तिचा सगळा भार माझ्यावर होता आणि मी शरमेनं आणखीच सुजत होतो. चूक माझी, आणि बोलायचं तिला.

"आर्विड," ती म्हणाली, "माझा पाय लागला."

आर्विडनं चष्मा चढवला. "कुठं?"

"वर्तुळाच्या अलीकडे. त्यामुळे वळला तो."

आर्विडनं धोंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पाय लागलेल्या धोंड्याचं काय करायचं ते समोरच्यानं ठरवायचं, म्हणून आता निकाल त्याच्या हातात होता. "तसा राहू दे म्हणालो," तो पुटपुटला, "तर तू मला जन्मभर बोलशील." त्यानं पायानं तो धोंडा बाजूला सारला. डाव गेला.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना प्यायला द्यायचं असतं. चौघं वर टेबलाशी बसली. आर्विडची बायको शेवटची पिरोगी खात म्हणाली, "पण स्टेफ्का, तुझा पाय लागलाच कसा? चाळीस वर्षं घासतेस, कधी नाही लागला तो?"

धोंड्याला लागलं तर सांगायचं, ही रीत होती. गुडघ्याचं सांगायची रीत कुठंच नव्हती. स्टेफ्कानं दुखरा पाय टेबलाखाली ओढून घेतला. मेद ऊती शेजारून माझ्या कानाशी कुजबुजली, "म्हणेल आता, बर्फ निसरडा होता." मला डोळे असते तर मी ते मिटले असते.

"गुडघा निसटला," स्टेफ्का रोमाकडे न बघता म्हणाली. "दोन हिवाळे दुखतोय, आज पहाटेपासून जास्तच. डबा नव्हता तो, मटार होते. गुडघ्याला बांधलेले."

रोमानं ग्लास खाली ठेवला. "मी म्हणाले होते दुसरी जोडीदार शोधेन."

"म्हणाली होतीस."

"मिळाली. पण पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती मोकळी नाही. गुडघ्याला पट्टा बांधून घरी बसणार आहे. रोज डॉक्टर सांगतील तेवढाच पाय हलवणार आहे, एक इंच जास्त नाही, एक इंच कमी नाही. आणि खोटं बोलली तर मी तिच्या विजारीत मटार नाही, बटाटे भरीन."

स्टेफ्का हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आर्विडनं तिच्या पायाखाली दुसरी खुर्ची सरकवली.

आता पुन्हा मास्ट पेशी ओरडून थकल्यात, भक्षक पेशींचं झाडणं चाललंय, तंतुपेशी विणायला बसल्यात. रोज सकाळी रोमा फोन करते, "हलवला का?" स्टेफ्का हळूच पाय वाकवते. त्या हलक्या ताणानं धाग्यांना कळतं की कुठल्या दिशेनं झोपायचं. मी पहिल्यासारखा कोरा होणार नाही, हेही मला ठाऊक आहे. एका बाईचा जिंकलेला डाव माझ्यापायी गेला, आणि तिनं माझ्याबद्दल एक वाईट शब्दही काढला नाही. हेच जास्त टोचतं.

मित्रांनो, आम्हाला तोंड नाही. दुखणं एवढीच आमची बोली. तुमच्या गुडघ्यातला, घोट्यातला, खांद्यातला कुणी बोलला, तर थोडं थांबा आणि जवळच्या माणसाला सांगा. मला यंदा सरळ विणायचंय. घाई करू नका, एवढंच मागणं आहे.