दहाव्या जागेचा आकडा

"आता ती भिंतीवरून कशाला काढताय?" नीलांबरीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

गुरुनाथ स्टुलावर चढला होता. हातात स्क्रूड्रायव्हर. नळी फळीवर आठ ठिकाणी घट्ट बसवलेली, आणि फळी सोफ्याच्या वर.

"जरा बघतो."

"आठ महिने रोज बघताय की. सोफ्यावर बसून छान दिसते."

"बसूनच तर होत नाही," तो म्हणाला आणि पाचवा स्क्रू फिरवायला लागला.

ते मात्र खरं होतं. रिटायर झाल्यापासून हा माणूस एका जागी ठरत नव्हता. चहाचा कप घेऊन बसायचा आणि दोन घोटांत उठायचा. दोनदा गॅरेज लावून झालं, शेजाऱ्याचं कुंपण दुरुस्त करून झालं. त्यांच्या बेलव्ह्यू गावातली मराठी मंडळी म्हणायची, काका, आता एन्जॉय करा. काका हो म्हणायचे आणि समोसा हातात घेऊन पार्किंग लॉटला फेऱ्या मारायचे.

ही नळी म्हणजे डोंगरातला बर्फ मोजायची अ‍ॅल्युमिनियमची नळी. चार तुकडे एकमेकांत फिरवून बसवायचे, खालच्या टोकाला दाते. ती बर्फात सरळ खुपसायची, पार जमिनीपर्यंत, आणि आतल्या बर्फासकट वर काढून काट्याला टांगायची. हा बर्फ वितळला तर किती इंच पाणी होईल, ते काट्यावर वाचता येतं. एप्रिलमध्ये असं मोजलं की उन्हाळ्यात खालच्या गावांना आणि सफरचंदाच्या बागांना किती पाणी मिळणार याचा अंदाज येतो. सरकारी पाणी खात्यात गुरुनाथनं एकतीस वर्षं हे काम केलं. भोवती सगळे सॉफ्टवेअरवाले आणि डॉक्टर, त्यात हा एक बर्फ तोलणारा. सासूबाई एकदा राहायला आल्या होत्या, त्यांनी तर तोंडावरच विचारलं होतं, "जावईबापू, एवढं शिकून इतक्या लांब आलात ते बर्फाला तागडी लावायला?"

गुरुनाथला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. तो मनमाडचा. लहानपणी घरातल्या हौदात काठी बुडवून किती बोटं पाणी उरलंय ते सांगायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्या शब्दावर आई धुणं काढायची किंवा ठेवून द्यायची. पाणी मोजणाऱ्यानं खोटं बोलू नये, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणि तरी तो बोलला होता.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. त्याची ती शेवटची मोजणी. डोंगरातल्या एका कुरणात ठरलेल्या दहा जागा असतात, बरोबर केल्सी होती, त्याच्या हाताखाली तयार झालेली तिशीतली मुलगी. नियम असा की नळीच्या तळाशी मातीचा गोळा आला पाहिजे. माती आली तर नळी जमिनीला टेकली. नाही आली तर मध्येच बर्फाचा कडक थर लागला, पुन्हा खुपसा. दुसरा नियम, वजन करणाऱ्यानं आकडा मोठ्यानं म्हणायचा, लिहिणाऱ्यानं तो परत म्हणायचा आणि मगच वहीत उतरवायचा. नऊ जागा व्यवस्थित झाल्या. दहाव्या जागी दोनदा खुपसून माती आली नाही. गुरुनाथचा उजवा गुडघा थरथरायला लागला होता. पुन्हा जोर लावणं आपल्याच्यानं होणार नाही, हे त्याला कळलं, आणि ते केल्सीला दिसू नये असं वाटलं. त्यानं नळी तिच्याकडे पाठ करून काट्याला टांगली. आधीच्या नऊ जागांचे आकडे चाळीस ते बेचाळीसच्या मधले होते.

"फॉर्टी-वन," तो म्हणाला.

"फॉर्टी-वन," केल्सी म्हणाली, आणि तिनं लिहिलं.

ऑगस्टमध्ये निरोपसमारंभ झाला. कुरणात मोजणीचं यंत्र बसलं होतं, आता माणसानं चढून जायचं कारण उरलं नव्हतं. खात्यानं जुनी नळी फळीवर बसवून त्याला भेट दिली. खाली पितळेची पट्टी, तिच्यावरचा मजकूर केल्सीनं सुचवलेला: एकतीस वर्षं, एकही आकडा चुकला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुनाथनं फोटोत हसून घेतलं आणि पट्टीसकट फळी घरी आली.

तर आता त्यानं मनाशी एक हिशेब मांडला होता. जुन्या नोंदींवरून दहाव्या जागेचा अंदाज करता येत नव्हता, कारण शेवटच्या मोजणीच्या आधीच्या हिवाळ्यात तिथलं फरचं मोठं झाड कोसळलं होतं आणि सावली गेली होती. पण या वर्षी वर जाऊन दहाही जागा मोजल्या आणि दहावी जागा बाकीच्या नवांच्या बरोबरीची निघाली, तर आपला एक्केचाळीस जवळपास खराच होता. मग गप्प बसायला हरकत नाही. नाही निघाली, तर काय करायचं याचा त्यानं विचार केला नव्हता.

ईडन प्रेरीला राहणाऱ्या शिवांगीनं व्हिडिओ कॉलवर बापाला फैलावर घेतलं. "बाबा, सोलो? इन द स्नो? अ‍ॅट सिक्स्टी-फोर? आई, तू त्यांना का अलाव करतेस?"

"मी अलाव करून गेलेत का ते कधी?" नीलांबरी म्हणाली. मग फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हणाली, "दिवसातून दोनदा मेसेज करायचा. सॅटेलाइटचं ते यंत्र सुरू ठेवायचं. आणि दशम्या दिल्यात, शेंगदाण्याची चटणी दिलीय, ती खायची. परत आणायची नाही."

"बरं."

"आणि खरं सांगा, काय बघायला चाललात?"

"दहावी जागा," तो म्हणाला. "आल्यावर सांगतो."

सोफ्याच्या वरची मोकळी फळी तिनं पुसली आणि पट्टीवरून फडकं जरा जास्त वेळ फिरवलं.

रस्ता बर्फामुळं चार मैल अलीकडेच बंद होता. गाडी लावून गुरुनाथनं पायाला स्नोशूज बांधले, पाठीवर तंबू, नळीचे चार तुकडे एका बाजूला, आणि निघाला. पूर्वी हे अंतर अडीच तासांत व्हायचं. या वेळी साडेचार लागले. दुपारच्या उन्हानं बर्फ मऊ पडला होता, दर पावलाला पाय घोट्यापर्यंत खचत होता. वाटेत तो थांबला असता तर बरं झालं असतं, पण थांबलं की गुडघ्यापेक्षा डोकंच जास्त चालायला लागायचं.

कुरणाच्या कडेला फरांच्या आडोशाला त्यानं बर्फ तुडवून जागा सपाट केली आणि तंबू उभारला. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी केलं. नीलांबरीला मेसेज गेला: पोचलो. तिचं उत्तर आलं: खाल्लं का? त्यानं एक दशमी उभ्यानं खाल्ली. अस्वल येऊ नये म्हणून उरलेलं खाणं झाकणाच्या डब्यात घालून दूर ठेवून आला. आता बसायला हरकत नव्हती. समोर शिखरं उन्हानं गुलाबी झाली होती, माणसं असलं दृश्य बघायला पैसे मोजून येतात. गुरुनाथ मात्र तंबूला फेऱ्या मारत राहिला, मळणीच्या बैलासारखा. अंधार पडला तेव्हा तंबूभोवती टणक गोल वाट तयार झाली होती.

पहाटे बर्फ दगडासारखा झाला होता. उजाडताच त्यानं नळी जोडली, रिकाम्या नळीचं वजन केलं आणि पहिल्या जागेवर गेला. हात विसरले नव्हते. नळी फिरवत खाली, वर, तळाची माती सुरीनं काढून टाकायची, काटा. सदतीस. "थर्टी-सेव्हन," तो मोठ्यानं म्हणाला आणि सवयीनं थांबला. मग स्वतःशीच हसून केल्सीसारखा आवाज काढून म्हणाला, "थर्टी-सेव्हन." वहीत लिहिलं. दुसरी जागा अडतीस. तिसरी छत्तीस. नऊ जागा होईपर्यंत ऊन वर आलं होतं आणि तो घामेजला होता. एकही आकडा छत्तीसच्या खाली नाही, एकोणचाळीसच्या वर नाही.

दहाव्या जागेशी कोसळलेल्या फराचं मूळ बर्फातून टोक काढून होतं. त्यानं नळी खुपसली. साडेचार फुटांवर अडली. वर काढली, माती नाही. हातभर बाजूला सरकून पुन्हा खुपसली. तिथंच अडली. गेल्या वर्षीही अगदी असंच झालं होतं, आणि गुडघाही अगदी तसाच थरथरायला लागला.

या वेळी बघायला कुणी नव्हतं. गुरुनाथ सरळ बर्फात बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग उठून नळीला हँडल लावलं आणि दाबायच्या ऐवजी फिरवायला लागला. थोडं फिरवायचं, दम खायचा. कधीकधी केसभरही उतरत नव्हती. एकदा तो चक्क नळीला मिठी मारून लटकला. पाऊण तास गेला असेल. एकाएकी थर फुटल्याचं हाताला कळलं, नळी सरकन खाली गेली आणि तळाला मऊ टेकली.

वर काढली तर दात्यांत काळी माती होती, फरच्या सुयांसकट. त्यानं ती बोटांत चुरून पाहिली. मग नीट काढून टाकली आणि नळी काट्याला टांगली. सदतीस.

म्हणजे दहावी जागा बाकीच्या नवांच्या बरोबरीचीच होती. गेल्या वर्षीचा एक्केचाळीस बरोबर होता. जे बघायला एवढं चढून आला, ते मिळालं.

"थर्टी-सेव्हन," तो म्हणाला.

केल्सीचा आवाज काढायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला ते जमेना. कुरणावर काहीच हालत नव्हतं. आत्ताचा आकडा परत म्हणायला इथं कुणी नाही, म्हणून खात्याच्या लेखी त्याला काडीची किंमत नाही, हे त्याला माहीत होतं. आणि गेल्या वर्षीचा आकडा वहीत गेला तो केल्सीनं परत म्हटला म्हणून. नळीत माती आहे की नाही ते तिनं पाहिलं नव्हतं. त्याच्यावरच्या विश्वासापायी तिला पाहावंसं वाटलं नव्हतं. गुरुनाथला स्वतःची लाज वाटली, आठ महिन्यांत वाटली नव्हती एवढी. आकडा खरा निघाला म्हणून तो कमी खोटा होत नव्हता.

त्यानं तंबू गुंडाळला. उतरताना एकदा पडला, कोपर सोलवटलं, पण थांबला नाही.

घरी जायच्या आधी तो खात्याच्या ऑफिसात गेला. चिखलाचे बूट, हातात नळी. केल्सी टेबलामागून उठलीच. एकटा वर गेला होतास का, वेडा आहेस का, असं बरंच बोलली. ती बोलायची थांबल्यावर गुरुनाथनं गेल्या वर्षीची वही मागितली. तिनं कपाटातून काढून दिली. त्यानं उभ्यानंच तिला सगळं सांगितलं. गुडघ्याचंसुद्धा.

केल्सीनं वहीत दहाव्या जागेचा आकडा शोधला. त्या कुरणातली मोजणी आता बंद झालीय, ती म्हणाली, ही वही कुणी उघडणार नाही. गुरुनाथ म्हणाला, माहीत आहे. मग तिनं हळूच विचारलं, या वर्षी दहावी जागा किती आली? सदतीस, बाकीच्यांसारखीच, असं त्यानं सांगितलं आणि तिनं पेन्सिल उचलायच्या आधीच म्हणाला, "तो लिहू नकोस. मी एकटा होतो."

खात्यात खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. गुरुनाथनं हे शेकडो पोरांना शिकवलं होतं. एकतीस वर्षांत स्वतःच्या आकड्यावर रेघ मारायची वेळ आली नव्हती. त्यानं पेन्सिल घेतली, एक्केचाळीसवरून सरळ रेघ ओढली, सही केली.

"मी परत म्हटला होता तो," केल्सी म्हणाली.

"म्हणून तर आलो."

बाहेर कुणाचा तरी ट्रक सुरू झाला आणि निघून गेला. गुरुनाथनं नळी टेबलाला टेकवून ठेवली, वाऱ्यात उभं राहून म्हणावं तसं मोठ्यानं म्हणाला, "स्टेशन टेन. नो रीडिंग." आणि थांबला.

केल्सीनं वही आपल्याकडे ओढली. रेघेवरून बोट फिरवलं.

"स्टेशन टेन," ती म्हणाली. "नो रीडिंग." आणि लिहिलं.

मग गुरुनाथनं समोरची खुर्ची ओढली आणि तो बसला.