काठावर रडणारी बाई

"तोंड हलतंय तुमचं," म्हातारी लोहाराला म्हणाली.

"दातात काहीतरी अडकलंय, काकू," लोहार म्हणाला आणि अडकलेलं मुकाट्याने गिळून मोकळा झाला.

पेरणी तोंडावर आली होती. उन्हाने रानातली ढेकळं विटांसारखी कडक झाली होती, वारा धुळीशिवाय काही आणत नव्हता, आणि म्हातारीच्या पडवीत बियाण्याच्या शेंगा फोडायला शेजारपाजारची माणसं जमली होती. आज हिच्या घरच्या शेंगा, उद्या शिंपिणीच्या, परवा लोहाराच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, पण ज्याचं घर त्याने एक जुनी गोष्ट सांगायची, अशी रीत होती. गोष्ट रंगली की ऐकणाऱ्याचं तोंड उघडं राहतं आणि उघड्या तोंडाने दाणे चावता येत नाहीत. ही रीत ज्याने पाडली तो पक्का चिकट माणूस असणार.

या घरची गोष्ट सांगायचा मान म्हाताऱ्याचा. त्याच्या आवाजामुळे गाव त्याला तोफ म्हणायचं. पण यंदा तोफ थंडावली होती. शेजाऱ्याच्या शेळ्यांवर ओरडून ओरडून घसा पार बसला होता आणि गळ्याला फडकं गुंडाळून तो कोपऱ्यात बसला होता. शेळ्यांनी खायचं तेवढं खाल्लंच.

"म्हणजे आज म्हशीची गोष्ट नाही?" शिंपीण हिरमुसली.

म्हशीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ओढ्याला पूर आला, म्हैस चिखलात पोटापर्यंत रुतली आणि तोफेने पुरात उडी घेऊन, शिंगं धरून तिला बाहेर ओढली. पाणी दर वर्षी हातभर वाढायचं. आणि दर वर्षी न चुकता ते वाक्य यायचं, "आणि ही आमची बाई काठावर उभी राहून रडत होती!" मग सगळे तिच्याकडे बघून हसायचे आणि ती मान खाली घालून शेंगा फोडत राहायची. म्हैस कधीच म्हातारी होऊन मेली, पण ही बाई अजून काठावर रडतच होती. म्हातारीला या गोष्टीचा मनापासून राग होता.

लोहाराचं तोंड पुन्हा हललं. आता शिंपिणीचंही. आधीच यंदा निम्म्या शेंगा पोकळ निघालेल्या; असंच चाललं तर पेरायला टरफलं उरली असती.

"मी सांगते," म्हातारी म्हणाली.

कोपऱ्यात तोफ ताठ झाली.

"पूर आला होता, म्हैस रुतली होती, एवढं खरं. पण ह्यांनी पाण्यात अंगठासुद्धा बुडवला नाही. हे झाडावर होते."

"झाडावर?"

"बाभळीवर. पाणी बघितलं आणि सरसर वर. वरून मला सांगतायत, ओढ, ओढ! अहो, म्हैस म्हणजे काय माझी वेणी आहे ओढायला? मी घरी पळाले, रेडकू आणलं, काठावर उभं केलं आणि त्याचा कान असा पिळला की ते बोंबललंच. लेकराचा आवाज ऐकून म्हैस जी उसळली ती चिखलासकट वर. जाता जाता मला आडवी करून गेली. गुडघा अजून दुखतो. रडायला सवड कुणाला होती? रडत होतं ते रेडकू."

पडवीत कुणी हसलं नाही.

"काकू, पण यात शिंगं कुठे आहेत?" लोहाराने नाराजीने विचारलं.

"म्हशीच्या डोक्यावर. कुणी धरली नाहीत."

"तात्यांचा घसा बसल्यावर बरं सुचलं हो तुम्हाला," शिंपीण म्हणाली. "काय तात्या, खरं का हे?"

तोफेने मोठ्या दुःखाने मान हलवली. नाही. सगळे खदाखदा हसले, पुन्हा तिच्याकडेच बघून. खरं सांगूनही ती काठावरच राहिली होती. तिने एक शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले आणि शांतपणे म्हणाली, "बरं, नसेल. पण त्या बाभळीचे काटे मी दोन दिवस चिमट्याने काढत होते. कुठले, ते विचारू नका. हे पालथे झोपायचे."

लोहाराने तोंडावर हात धरला. शिंपिणीने पदर. तोफेचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. त्याने गळ्यावरचं फडकं ओरबाडून काढलं.

"बाभळ नव्हती!" फाटक्या आवाजात तो किंचाळला. "उंबर होता, उंबर! बाभळीवर चढायला मी काय वेडा आहे?"

मग पडवी अशी हसली की वळचणीच्या चिमण्या उडाल्या. लोहाराच्या तोंडातून अख्खे दाणे बाहेर पडले. म्हातारीने ते उचलले, पदराला पुसले आणि बियाण्याच्या टोपलीत टाकले.

तो उंबर होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याच खाली तर ती उभी होती.

"उंबर होय," पुढची शेंग फोडत ती म्हणाली. "म्हातारपणी विसरायला होतं बाई."