मेंदीखालचं नख

रत्नाच्या उजव्या हाताची अनामिका दुखायची, आणि नुसती दुखायची नाही, जीव घ्यायची. थंडीत टाकीच्या पाण्याने भांडी घासायला बसली की नखातून निघालेली कळ खांद्यापर्यंत जायची. कापूस वेचताना बोंडाचं टोक त्या नखाला लागलं तर ती सरीतच मटकन खाली बसायची. पण बोटाला वरून काहीच नव्हतं. ना सूज, ना जखम, ना पू. आणि जे दिसत नाही ते दुखतही नाही, असा कायदा अमळनेर तालुक्यातल्या त्या गावात पितांबर आबांच्या घरी लागू होता. आबा म्हणजे सासरे. सासरे, दीर, नवरा, सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की धाकटी सून कामचुकार आहे.

एकटी दिपमाला तेवढी वेगळी. ती रत्नाची मोठी जाऊ, बारावी शिकलेली. रत्ना तिला अक्का म्हणायची. दोन वर्षांपूर्वी तिनेच पुढाकार घेऊन रत्नाला अमळनेरच्या एका डॉक्टरकडे नेलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. रत्ना सणाला माहेरी, भडगावला जाऊन आली होती, आणि तिची दहाही नखं मेंदीने लालभडक होती. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने नखावर एका जागी दाबलं मात्र, रत्नाने किंकाळी फोडली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नर्सने तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं. अक्का आत थांबली आणि दहा मिनिटांनी हातात कागद घेऊन बाहेर आली.

"डाक्टरले काईच दिसनं नही, रत्ना," ती हळूच म्हणाली. "पन तू मनवर लेऊ नको. तुना अंगमा उष्णता शे. मी लावसू मेंदी, थंडावा व्हई."

तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी अक्का मेंदी भिजवायची, रत्नाचा हात मांडीवर घ्यायची आणि त्या नखावर ओल्या मेंदीचा गार लपका ठेवायची. ज्या बोटाला माठातलं पाणी सोसत नव्हतं, त्याच बोटावर! रत्ना ओठ दातांत धरून बसायची. पण त्या घरात तिच्या बोटाकडे मायेने बघणारं दुसरं होतं तरी कोण? गुण येतोय का, असं अक्काने विचारलं की ती मान डोलवायची. सासू नसलेल्या घरात अशी जाऊ मिळणं म्हणजे नशीब, असं माहेरी कौतुकाने सांगायची, वेडी कुठली.

यंदा दिवाळीनंतर अक्काच्या मुलीचा, भूमिकाचा, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास जळगावला सुरू झाला आणि अक्का तिच्यासोबत खोली घेऊन राहायला गेली. मेंदी थांबली. रत्नाला स्वतःच्या हाताने ती लावावीशी वाटली नाही. घरचं सगळं काम तिच्या एकटीवर आलं, त्यात पौषाची थंडी पडली, आणि एका सकाळी भरलेली दुधाची बादली तिच्या हातून सुटली. दोन म्हशींचं दूध गोठ्याच्या नाल्यातून वाहून गेलं. तिचा नवरा प्रेमराज ते बघत दारातच उभा होता.

"एक डाव धुयाना दवाखानामा दखाडी लेऊत," तो म्हणाला. "तठेबी काई निंघनं नही ना, ते तू भडगावलेच राह्य. माले हाई रोजनं नाटक नको."

म्हणजे आता प्रश्न बोटापुरता राहिला नव्हता. नांदायचं की कायमचं माहेरी जाऊन बसायचं, ते त्या एका नखावर येऊन ठेपलं होतं. रत्नाचा जीव टांगणीला लागला. धुळ्याच्या दवाखान्याने जुने कागद आणायला सांगितले होते, म्हणून प्रेमराजने वहिनीच्या कपाटातल्या फाइलमधून अमळनेरचा कागद काढून घेतला. तो इंग्रजीत होता. दोघांपैकी कुणालाच वाचता येण्यासारखा नव्हता.

धुळ्याच्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी रत्नाची नखं निरखली. अनामिकेच्या टोकाला तेवढी मेंदीची लाल कड उरली होती, बाकी नख स्वच्छ होतं. बाईंनी खिडकीचा पडदा ओढला, दिवा मालवला आणि टेबलावरची पेनाएवढी टॉर्च पेटवून रत्नाच्या करंगळीच्या पेराखाली धरली. नख आतून सगळीकडे सारखं लालसर उजळलं, डाळिंबाच्या दाण्यासारखं. मधलं बोटही तसंच. मग अनामिका. तिथेही नख उजळलं, पण मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढी जागा काळपट राहिली.

"या, तुम्ही बघा," बाई प्रेमराजला म्हणाल्या. "दिसलं?"

प्रेमराज वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "दिसलं, मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"रक्तवाहिन्यांची बारीक गाठ असावी. अशा गाठी बहुतेक साध्याच असतात, पण दुखणं भयंकर. टॉर्चने फक्त संशय येतो, कुठे बघायचं ते कळतं. सोनोग्राफी करून खात्री करू. छोटं ऑपरेशन लागेल. महिनाभर हात पाण्यात घालायचा नाही."

रत्ना पदर तोंडाला लावून रडली. आनंदानेच रडली. गाठ निघाली म्हणून इतकी सुखावलेली बाई डॉक्टरबाईंनीही पाहिली नसेल. दिवा लावून बाईंनी जुना कागद उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, अमळनेरच्या डॉक्टरांनाही हाच संशय होता. त्यांनी लिहिलंय, मेंदीमुळे नखातून उजेड नीट दिसत नाही. नखाला मेंदी लावू नये. तीन महिन्यांनी नख स्वच्छ झाल्यावर परत यावं, गाठीची शक्यता आहे. सोबतच्या नातेवाइकाला समजावून सांगितलं. ही बघा सही."

सही मराठीत होती. तेवढी रत्नाला वाचता आली.

दोघं एसटी स्टँडवर आले. मग प्रेमराज म्हणाला, "वहिनीले काई म्हनू नको. आबासनाजवळ ते नावच काढू नको. दोन भाऊस्मा फूट पडी."

रत्नाने तिथूनच जळगावला फोन लावला. "अक्का, मेंदी लावू नका असं डाक्टरनी तुमले सांगेल व्हतं ना?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. अक्काने नाकारलं नाही. "पेरनी-निंदनीना दिन तोंडवर व्हतात, रत्ना. तुनं ऑपरेशन व्हतं, ते घरनं बठ्ठं काम मना एकलीवर उनं असतं. मी म्हनं, हंगाम व्हई जाऊ दे, मंग सांगसू. मंग बठ्ठा तुले कामचुकार म्हनाले लागनात. मंग कोनता तोंडघाई सांगू?"

"नही सांगं ते नही. पन मेंदी कसाले लाई?" रत्ना म्हणाली. "ती गार मेंदी ठेवी का मना जीव जाये, अक्का. तुमले वाईट वाटी म्हनीसन मी कधी सांगं नही."

ती वाट बघत होती. अक्काने एवढंच म्हणावं, मला कल्पना नव्हती गं. तेवढ्यावर तिने सगळं गिळलं असतं.

"माले माहीत व्हतं," अक्का म्हणाली. "तुना हात मनाच हातमा राहे ना. कसा थरथर कापे."

रत्नाने फोन बंद केला. परक्याने मारलं असतं तर तिने शिव्या तरी दिल्या असत्या. जिच्या मांडीवर हात विश्वासाने ठेवला, तिनेच केसाने गळा कापला होता.

"मी आजच आबासले बठ्ठं सांगसू," ती प्रेमराजला म्हणाली. "तुम्ही मना संगे उभा राहशात का?"

प्रेमराज गाड्यांच्या वेळापत्रकाकडे बघत राहिला. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ती गाठ पाहिली होती, तासही झाला नव्हता. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "घरनी गोष्ट घरमा ऱ्हावू दे."

भडगावमार्गे पाचोऱ्याला जाणारी गाडी फलाटाला लागली होती. रत्नाने त्याच्या हातातून दवाखान्याचे कागद घेतले आणि ती गाडीत चढली. दुखणं खरं निघालं होतं, आणि तरीही ती माहेरीच चालली होती.