पिळाच्या दोन बाजू

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. धाकू कोळ्याच्या होडीवर ठाण्याच्या खाडीत मी पुष्कळ वर्षं राबलो. होडी मोडीत निघाली, तेव्हा त्याने मला खाडीलगतच्या बालवाडीत दिलं. उत्तराबाईंनी माझे दोन तुकडे केले, टोकं शिवली आणि दोन रिंगणं तयार केली.

आमच्यामुळे मुलं साम्य आणि फरक शिकत. एका रिंगणात आंबा, दुसऱ्यात केळं. साल दोघांनाही, म्हणून सालीचं चित्र आम्ही एकमेकांवर चढतो त्या मधल्या जागेत. कोय मात्र आंब्याच्याच बाजूला.

एकदा धाकूच्या जुळ्या नाती, निशा आणि कल्पिता, आमच्यात उभ्या राहिल्या.

"बाई, झेरॉक्स आहेत दोघी!" मयूर ओरडला.

खूप वेळाने एक फरक सापडला. कल्पिताच्या हनुवटीवर वण होता. बाईंनी शाबासकी दिली. तेव्हापासून मुलं हाक मारण्याआधी हनुवटी बघू लागली.

श्रावणात कल्पिता तापाने गेली. धाकू बालवाडीच्या दारात आला.

"एक रिंगण दे गो बाय. पोर एकटी गेली माजी. खेलाला काय हाय तिला?"

ओहोटी लागल्यावर त्याने माझा जोडीदार खाडीत सोडला. मी फळीवर एकटा उरलो.

पंधरा दिवसांनी निशा आली. बाई हजेरी घेऊ लागल्या.

"निशा?"

ती मान खाली घालून दप्तराचा बंद गुंडाळत राहिली. सवयीने बाईंच्या तोंडून पुढचं नावही निघून गेलं.

"कल्पिता?"

"हजर, बाई."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिच्या हनुवटीवर लाल स्केचपेनची रेघ होती.

"अगं, मग निशा कुठंय?" मयूरने विचारलं.

"ती नाही आली. तिला ताप आहे."

बाई रोज रेघ पुसत. रोज ती परत उमटे. घरी आईने निशा म्हणून हाक मारली, तरी ती वळत नसे.

शेवटी बाईंनी मला खाली काढलं. मधोमध एक पीळ दिला, आणि माझी दोन घरं झाली.

"हे कल्पिताचं. हे निशाचं. दोघींचं जे असेल ते पिळावर ठेव."

तिने खिशातला शिंपला काढून पिळावर ठेवला. आजोबांनी दोघींत मिळून दिलेला. मग ती पिळावरून बोट फिरवत राहिली. बाईंनी घाई केली नाही.

"आणि वेगळं काय गं?"

"तिला वण होता," ती हळूच म्हणाली. "मला नाही."

तिने थुंकी लावून हनुवटी पुसली आणि स्वतःच्या घरात येऊन उभी राहिली. समोरच्या घरात कोणी पाऊल टाकलं नाही. मयूरनेसुद्धा नाही.

मित्रांनो, आता माझे धागे सुटू लागले आहेत. मला अधूनमधून ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. पण गुंडाळून ठेवताना माझा पीळ मोडू नका. त्याच्या एका बाजूला अजून कोणीतरी उभं असतं.