तीनशे ओहमचा ताठा

मी एक हेडफोन बोलतोय. जरा कान देऊन ऐका, कारण माझा आवाज फार बारीक आहे, अशी घरातल्यांची तक्रार आहे.

माझ्या पोटात केसाहून बारीक तारेची वेटोळी आहेत. विजेला माझ्यातून जायचं तर चांगला जोर लावावा लागतो. या अडवणुकीचं माप तीनशे ओहम, असं माझ्या पट्टीवर छापलंय. थोडा ताठा आहेच म्हणा. माझे मालक ध्वनिमुद्रक होते. स्टुडिओतल्या भल्याथोरल्या अँप्लिफायरशी माझं छान जमायचं. निवृत्त होताना त्यांनी आम्हा दोघांना घरी आणलं.

ते गेल्यावर त्यांच्या धाकट्याने मला मोबाइलला जोडलं. त्या चिमुकल्या यंत्राचा जोर तो किती!

"ताई, हा तर नुसता कुजबुजतोय," तो म्हणाला. ताई हसली आणि माझी रवानगी कपाटात झाली, इस्त्रीशेजारी. इस्त्रीला निदान आठवड्यातून एकदा बाहेर काढायचे.

धाकट्याने सोळा ओहमचे इयरफोन आणले. उत्साही पोरं ती. नुसती फुंकर घातली तरी नाचतात.

परवा तेच इयरफोन बाबांच्या अँप्लिफायरला लावून ताई आत्याचं रेकॉर्डिंग ऐकत बसली. घशाच्या ऑपरेशनआधी आत्याने घरच्यांसाठी गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला तो गेलाच.

"सगळीकडे स्स्स येतंय. रेकॉर्डिंगच खराब आहे," ताई रडकुंडीला आली. कॉम्प्युटरवर ती सुरसुर पुसू लागली, तशी आत्याही पत्र्याच्या डब्यातून बोलू लागली. "जाऊ दे. जुनी फाइल उडवून हीच ठेवते."

तेवढ्यात धाकटा आला. "माझे इयरफोन दे गं, मीटिंग आहे."

नाइलाजाने ताईने मला काढलं, जुनीच फाइल लावली आणि अँप्लिफायरचं बटण बरंच पुढे फिरवलं. मी मोकळा झालो. आत्या बोलत होती आणि दोन वाक्यांमध्ये स्वच्छ शांतता होती.

"अरे, थांब! तुझे इयरफोन अँप्लिफायरला लाव बघू पुन्हा. काही चालू करू नकोस."

"स्स्स येतंय की."

"म्हणजे हे आत्याचं नाहीच! अँप्लिफायरचं आहे!"

आमचा अँप्लिफायर म्हातारा, स्वतःशीच पुटपुटतो. ते पुटपुटणं माझ्या तारेत शिरता शिरता दमून जातं. इयरफोन मात्र पक्के चहाडखोर, जसंच्या तसं कानात सांगतात. ताईने पुसलेली फाइल टाकून दिली, जुनी जपून ठेवली.

संध्याकाळी आत्या आली. मला डोक्यावर चढवल्यावर 'केवढं हे ओझं' असं तोंड केलं. मग तिला तिचाच आवाज भेटला. गोष्टीत एके ठिकाणी ती खळखळून हसते. तिथे आत्ताची आत्याही हसली. खोलीत कोणाला काही ऐकू आलं नाही. पण मी तिच्या कानांवर होतो, माझ्या गाद्यांना ते हसू कळलं.

तिने बोटाने खूण केली, आवाज अजून वाढव.

मंडळी, आता मला अँप्लिफायरशेजारच्या या टेबलावरून हलवायचं असेल, तर आधी आत्याला विचारा.