दुपटीपेक्षा थोडं कमी

पिपेटमधलं अल्कलीचं द्रावण तिने चंबूत सोडलं, दुसऱ्या हाताने घड्याळ सुरू केलं आणि चंबू हलवून त्यातलं थोडं रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या कलरीमीटरच्या नळीत भरलं. जांभळा रंग अजून गडद होता. अल्कली पडली की तो हळूहळू विरत जातो. किती हळू, तेवढंच तिला मोजायचं होतं. काटा सरकेल तसे आकडे ती मोठ्याने म्हणत होती. टेबलाच्या पलीकडे ते लिहून घेणारं आता कुणी नव्हतं. आधी म्हणायचं आणि मग स्वतःच वाकून लिहायचं, अशी तिची सवय झाली होती.

नियम शोधायची रीत साधी होती. बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. अल्कली दुप्पट केल्यावर वेगही दुप्पट झाला तर त्या अभिक्रियेची ऑर्डर एक. चौपट झाला तर दोन. काहीच फरक पडला नाही तर शून्य. मग ती थोडी असली काय नि जास्त असली काय.

तिचा वेग आजही दुपटीपेक्षा थोडा कमी आला.

गेल्या हिवाळ्यात उंटाचाही असाच यायचा. उंट म्हणजे तिचा जोडीदार. उंचीमुळे त्याला सगळे उंट म्हणायचे आणि तोही हाकेला ओ द्यायचा. दोघांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. एका दिवशी त्याने ओतायचं आणि तिने काटा वाचायचा, दुसऱ्या दिवशी उलट. हिवाळा सरताना त्याला दुसऱ्या गावी रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली. आधी रोज येणारे त्याचे फोन मग आठवड्याने यायला लागले. त्याचं लग्न झाल्यावर तेही थांबले.

तिच्या गाईड मॅडम आकडे बघून खूश होत्या. शून्यही नाही, एकही नाही, मधलीच कुठली तरी अपूर्णांकी ऑर्डर. अशी वाट्याला येत नाही सहसा, असं म्हणून त्यांनी पेपर लिहायला घे म्हणून सांगितलं. नावं दोघांची. अडचण एकच होती. गेल्या वर्षी तिच्या पाळीला घेतलेल्या आकड्यांत वेग दुपटीच्याही वर जात होता. ते काढून टाक, मॅडम म्हणाल्या. नवशिक्या हाताचं होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.

लावून घेण्याचा प्रश्न नव्हता. एका कागदावर शेजारीशेजारी दोन नावं, हे तिला मॅडमपेक्षाही जास्त हवं होतं. पण हात तोच होता, पिपेट तीच होती. कारण सापडल्याशिवाय आकडा खोडायची तिची तयारी होईना.

जेवणाच्या सुट्टीत ती व्हरांड्यात गेली आणि तिने त्याला फोन लावला.

"काय शास्त्रीबुवा," तो म्हणाला, "अजून त्याच चंबूत का?"

तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. माझ्या पाळीला काही वेगळं व्हायचं का, एवढंच विचारलं. त्याच्या मागे भांडी वाजत होती.

"वेगळं काही नाही गं. हां, तुझ्या पाळीला मी अल्कलीची बाटली आधी हीटरपाशी ठेवायचो. तुझी बोटं निळी पडायची ती धरून."

"आणि तुझ्या पाळीला?"

"माझ्या कातडीला काय होतंय. फडताळावरून काढायची नि ओतायची."

"कधी बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तू ठेवू दिली असतीस?"

"अहो, येताय ना जेवायला?" मागून कुणीतरी विचारलं. आलोच, असं तो तिकडे तोंड करून म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "का गं, घोळ झाला का काही?"

"नाही. तू जेव. वहिनींना माझा नमस्कार सांग."

'वहिनी' हा शब्द तिने त्याच्यापाशी पहिल्यांदाच वापरला.

परत आल्यावर ती टेबलापाशी उभी राहिली. यंदा थंडी जास्त आहे, असं तिला इतके दिवस वाटत होतं.

चंबू नेहमी वॉटर बाथमध्ये असायचा, एकाच तापमानाला. बाटली मात्र कधीच नाही. तिच्या पाळीला अल्कली जितकी जास्त, तितका चंबू गरम होत गेला होता. त्याच्या पाळीला जितकी जास्त, तितका गार, आणि वेग उबेने वाढतो, गारठ्याने घटतो. यंदाही गारच. अपूर्णांक रंगाचा नव्हता, बाटलीचा होता. तिचे जुने आकडे काढून टाकले, तर बाकीचे सगळे एकमेकांशी जुळत होते. कुणी विचारणार नव्हतं.

तिने फडताळावरून बाटली काढली आणि बाथमध्ये चंबूशेजारी ठेवली. पाण्याची ऊब आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती स्टुलावर बसून होती. मग तिने आधी थोडी अल्कली घालून वेग मोजला, मग दुप्पट घालून. वेग बरोबर दुप्पट झाला. कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल असा नियम.

मॅडम दारातूनच म्हणाल्या, "कुणाचं नाव आधी घालायचं, ठरवलंत का दोघांनी?"

"मॅडम, ऑर्डर एक आहे."

मॅडम आत आल्या. तिने नवा आलेख त्यांच्यापुढे सरकवला आणि अल्कलीची बाटली बाथमध्ये ठेवायची राहून गेली होती, एवढंच सांगितलं. मॅडमनी जुना आलेख काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"कुणाच्या हातून राहिलं?"

"दोघांच्याही."

त्यांनी सुस्कारा टाकला. गेल्या वर्षीचं मग काहीच धरता येणार नाही, त्या म्हणाल्या. सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल, आणि त्यावर नाव तुझ्या एकटीचं येईल. तिने मान हलवली. कामाला एखादी नवी मुलगी सोबत देऊ का, असंही त्यांनी विचारलं. नको, ती म्हणाली.

मॅडम गेल्यावर तिने पुढचा चंबू बाथमध्ये लावला, बाटली बाहेर काढली आणि बाहेरून पुसली. हाताला ती गरम लागली नाही, गारही लागली नाही. तरी ओतण्याआधी जरा वेळ ती तशीच धरून उभी राहिली.