डोमाजीची हाजरी

"हजर!" एवढंच म्हणून डोमाजी खाली बसला.

सन एकसष्टची गोष्ट. रविवारच्या उपासनेत प्रत्येकाने पाळीपाळीने प्रार्थना करायची, असा रिवाज दारव्ह्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये शांतवन पाळकांनी नुकताच पाडला होता. पाळक नगरकडचे, तिशीतले. ते प्रार्थना करू लागले की म्हातारे माना डोलवायचे. पंजाबराव कंपाउंडर एकदा सुरू झाले की बायांना घरी चुलीवर ठेवलेल्या वरणाची काळजी लागायची. आणि डोमाजीची प्रार्थना ही अशी, एका शब्दाची! बाया पदराआड हसल्या. पंजाबराव तर उघडच म्हणाले, "अबे, हे काय जीन हाये? हाजरी देऊन राह्यला लेकाचा!"

डोमाजीही त्यांच्याबरोबर हसला. बावीस वर्षं तो जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापसाच्या गाठी ओढत होता. हसणाऱ्यांचं त्याला वाईट वाटत नसे.

हसू आलं नाही ते पाळकांना. डोमाजीची बायको कौसल्या क्षयाने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि या भल्या माणसाला तिच्यासाठी देवाकडे चार शब्द मागता येऊ नयेत! बाई हातची जायच्या आत याला प्रार्थना शिकवायचीच, असं त्यांनी मनाशी घेतलं.

सोमवारी दिवस कलताना ते त्याच्या घरी गेले. डोमाजी नुकताच कामावरून आलेला, केसांत कापूस तसाच. त्याने घाईघाईने पोतं झटकून अंथरलं. कौसल्या बाजेवर उशाला टेकून बसली होती. हाडांची मोळी झाली होती, पण डोळे हसरे होते.

"माझ्यामागे म्हणा," पाळक म्हणाले. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या..."

"हे परम... परम..." डोमाजी अडखळला, घामाघूम झाला. "पाळकसायेब, माह्या तोंडात नाई बसत जी हे."

"सोडा जी त्याले," कौसल्या खोकत खोकत हसली. "लगनात उखाना घेतानाबी असाच अडला होता."

पाळकांना राहवलं नाही. "अहो, पण निदान यांना बरं कर असं तरी सांगितलंत का देवाला?"

"सांगतलं नं. दुखनं कळलं त्याच दिवशी सांगतलं."

"आणि नंतर?"

"नंतर काय जी? एकडाव सांगतलेलं आयकाले तो काय बहिरा हाये?"

पाळक जरा कडक आवाजात म्हणाले, "आणि ते हजर, हजर काय आहे?"

डोमाजीने डोकं खाजवलं. "आता कसं सांगू तुमाले! जिनात सकाळी मुकादम नाव पुकारते. आपन हजर म्हनाचं. काम कोनतं द्याचं ते त्याले ठाऊक अस्ते. आपन त्याले पुकारत नाई जी. आदी तो पुकारते."

"म्हणजे देव तुम्हाला हाक मारतो?"

"सगळ्यायलेच मारते," डोमाजी साधेपणाने म्हणाला. "बोलनं थांबोलं की आयकू येते."

"मग काल कौसल्याबाईंच्या नावानेही हजर म्हणायचं होतंत. त्या आल्या नव्हत्या ना."

"ना जी!" डोमाजीने कानाला हात लावला. "दुसऱ्याची हाजरी लावाची नाई. लबाडी होते ते. तिची तिनंच द्याव. घरूनच देते ते, रोज."

तेवढ्यात जिनाचा रात्रपाळीचा भोंगा झाला. डोमाजीने डोळे मिटले. कौसल्येनेही. कोणी काही बोलेना. पाळकांना वाटलं, आता संपेल, मग संपेल. बाहेर कोणी बकऱ्या हाकत गेलं. भोंग्याचा आवाज विरला. कौसल्येच्या श्वासाची घरघर थांबली होती की आपल्यालाच ऐकू येईनाशी झाली, ते त्यांना कळेना. एकाएकी त्यांना जाणवलं: त्या एवढ्याशा खोलीत चौथं कोणीतरी होतं. आपण बूट कधी काढले आणि गुडघ्यांवर कधी आलो, हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

"हजर," कौसल्या हळूच म्हणाली.

"हजर," डोमाजी म्हणाला.

घरी परतताना वाटेवर पाळकांना रडू कोसळलं. इतकी वर्षं आपण देवाशी बोललो खरे, पण त्याला बोलायला जागाच कुठे ठेवली? शिकवायला गेलो आणि शिकून आलो, बापा!

कौसल्या महिनाभराने गेली. पाळकांनी दफनविधीसाठी रीतीप्रमाणे मोठी प्रार्थना पाठ केली होती. कबरीशी उभे राहिले, "हे परमदयाळू" म्हणाले आणि थांबले. पुढचं आठवत होतं, तरी थांबले. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. खूप वेळाने ते एकच शब्द बोलले, "हजर."

या वेळी कोणी हसलं नाही.

"हजर," डोमाजीही म्हणाला.

पंजाबरावांनी डोळे पुसत माती टाकायला मूठ उचलली. डोमाजीने चटकन त्यांचा हात धरला. "थांबा जी, थांबा. तिची हाजरी राह्यली."

तो कान देऊन उभा राहिला. केसांत कापूस नव्हता, आज तो कामावर गेला नव्हता. सगळे त्याच्याबरोबर थांबले, लेकरंसुद्धा. मग हळूहळू त्याचा चेहरा निवळला आणि त्याने पंजाबरावांचा हात सोडला.

"देल्ली तिनं," तो म्हणाला. "टाका आता माती."